एका वक्राचे दोन मनोरे

१९७२ साली ‘इन्व्हेन्शियोनेस मॅथेमॅटिके’ या नियतकालिकाच्या १८व्या खंडात बॅरी मेझर यांचा ८४ पानांचा निबंध छापून आला. मेझर तेव्हा हार्वर्डला होते. मूळचे ते टोपॉलॉजीतले. ऐन विशीत त्या विषयातला एक जुना प्रश्न सोडवून त्यांनी नाव कमावले होते आणि मग ते संख्यासिद्धांताकडे वळले होते. निबंधातला प्रश्न साध्या शब्दांत असा: एखाद्या समीकरणाची उत्तरे शोधताना वापरायच्या संख्यांचा साठा आपण मजल्यामागून मजला चढवत वाढवत गेलो, कधीच न थांबता, तर उत्तरेही वाढतच राहतील की कुठल्यातरी मजल्यावर संपतील?

हे समीकरण म्हणजे एलिप्टिक वक्र. कागद-पेन्सिल घेऊन बसावे असे एक उदाहरण घेऊ:

य² + य = क्ष³ − क्ष²

क्षच्या जागी ० किंवा १ ठेवला की उजवी बाजू शून्य होते, म्हणजे य एकतर ० किंवा −१. ही झाली चार उत्तरे. वक्राच्या हिशेबात अनंतावरचा एक बिंदूही धरतात, तो पाचवा. पूर्णांक असोत वा अपूर्णांक, सहावा परिमेय बिंदू या वक्रावर नाही. तसे सिद्धच झाले आहे.

आता क्षला −१ करून पाहा. उजवी बाजू −२ येते, समीकरण य² + य + २ = ० असे होते आणि शाळेतले सूत्र लावले की वर्गमुळाच्या चिन्हाखाली −७ उभा राहतो. परिमेय संख्यांत या समीकरणाला उत्तर नाही. पण √−७ ला आपल्या साठ्यात घेतले, त्याच्याशी बेरीज-गुणाकार-भागाकार करायची मुभा दिली, की नवा बिंदू हाती लागतो. त्या बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढा. ती वक्राला पुन्हा जिथे छेदते तिथला क्ष आहे −४/७. म्हणजे एका बिंदूतून दुसरा मिळाला. त्या दुसऱ्यापाशी पुन्हा स्पर्शिका काढली की तिसरा मिळतो आणि हे कधीच संपत नाही. छेद फुगत जातात, पण एकदा येऊन गेलेला बिंदू पुन्हा येत नाही. आधीचे पाच बिंदू तसे नव्हते; ते आपसांतच फिरत राहतात. न संपणारी मालिका देणारे असे एकमेकांपासून स्वतंत्र बिंदू जितके, तितकी त्या वक्राची रँक. आपल्या वक्राची रँक परिमेय संख्यांवर शून्य आहे. √−७ घेतल्यावर एक.

रँक ही संख्या सान्त असते, हे गृहीत धरून आन्री प्वाँकारे यांनी १९०१ साली या वक्रांवर लिहिले होते. सिद्धता आली ती १९२२ साली, लुई मॉर्डेल यांच्याकडून. मॉर्डेल अमेरिकेत फिलाडेल्फियात जन्मलेले. गणितासाठी स्वतःच्या जिद्दीवर इंग्लंडला केंब्रिजला आले आणि तिथलेच झाले. त्यांचे प्रमेय परिमेय संख्यांपुरते होते. सहाच वर्षांनी पॅरिसमध्ये आंद्रे वेय यांनी आपल्या प्रबंधात ते कुठल्याही संख्याक्षेत्रापर्यंत नेले. परिमेय संख्यांत √−७ सारख्या मोजक्या बैजिक संख्या मिसळून जो बंदिस्त साठा तयार होतो, ते संख्याक्षेत्र. (हेच वेय १९३० ते १९३२ अलीगढ मुस्लिम विद्यापीठात प्राध्यापक होते आणि आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींना तिथे त्यांनीच बोलावून घेतले होते.)

तेव्हा कुठल्याही एका मजल्यावर रँक सान्त, यात शंका उरली नाही. पण मजले अनंत असतील तर? प्रत्येक मजल्यावर सान्त असलेली संख्या वर चढता चढता अमर्याद होऊ शकते. वेय यांचे प्रमेय त्याबद्दल काही सांगत नाही, आणि अनंत मनोऱ्यांचा हिशेब कसा मांडायचा याची रीतही त्या काळी नव्हती.

ती रीत एका जपानी गणितीकडून आली, तीही वेगळ्याच प्रश्नापोटी. एर्न्स्ट कुमर यांनी १८४७ च्या सुमारास फर्माच्या प्रमेयावर काम करताना १ च्या घातमुळांची क्षेत्रे अभ्यासली होती. अशा क्षेत्रांत संख्यांचे अवयव पाडण्याची रीत एकमेव राहत नाही. ती किती बिघडली आहे हे ‘वर्गसंख्या’ सांगते. एखादी मूळ संख्या स्वतःच्या क्षेत्राच्या वर्गसंख्येला भागत नसेल तर कुमर यांची सिद्धता चालते. भागत असेल तर अडते, जशी ती ३७ पाशी पहिल्यांदा अडली. केनकिची इवासावा यांनी शंभर वर्षांनी हा धागा उचलला. एकच क्षेत्र न घेता त्यांनी मनोराच घेतला: एक मूळ संख्या निवडायची, तिला प म्हणू, आणि मजल्यांची उंची, म्हणजे तळाच्या तुलनेत क्षेत्र किती पट मोठे ते, प, प², प³ अशी वाढवत न्यायची. १९५९ साली त्यांनी दाखवले की पुरेशा वरच्या मजल्यांवर वर्गसंख्येतला प चा घातांक एका साध्या सूत्राने चालतो. मजल्याचा क्रमांक न असेल तर तो घातांक म्हणजे लॅम्डा गुणिले न, अधिक म्यू गुणिले प चा न-वा घात, अधिक न्यू. लॅम्डा, म्यू, न्यू हे तिन्ही स्थिरांक संपूर्ण मनोऱ्याचे. असंख्य मजल्यांची वागणूक तीन आकड्यांत मावली.

त्यामागची प्रेरणा पुन्हा वेय यांच्याकडेच जाते. सान्त क्षेत्रांवरच्या वक्रांचा अभ्यास करताना वेय स्थिरांकांचे क्षेत्र एकदम अनंतापर्यंत वाढवत आणि तिथल्या सममितीतून खालच्या मजल्याची माहिती काढत. संख्याक्षेत्रांतही असे करता येईल, ही इवासावांची दृष्टी. झाँ-पिएर सेर यांनी लगोलग त्यांचे काम घातमालिकांच्या भाषेत नव्याने मांडून दाखवले आणि ते सगळ्यांच्या आवाक्यात आणले.

मेझर यांनी १९७२ च्या निबंधात काय केले, तर वर्गसंख्येची जागा सेल्मर गटाला दिली. वक्रावरचे बिंदू थेट मोजणे अवघड असते, म्हणून गणिती सेल्मर गट मोजतात. त्यात खरे बिंदू असतात आणि शिवाय बिंदू असल्याचा केवळ भास निर्माण करणारे काही घटकही असतात. मेझर यांचे मुख्य प्रमेय असे, की वक्राची प पाशी वागणूक चांगली असेल तर मनोऱ्याच्या टोकाचा सेल्मर गट आणि मधल्या कुठल्याही मजल्याचा सेल्मर गट यांच्यात फार तफावत पडत नाही. जी पडते ती सान्त आणि सर्व मजल्यांसाठी एकाच मर्यादेतली. यालाच पुढे नियंत्रण प्रमेय म्हणू लागले. त्यातून निघालेला निष्कर्ष थक्क करणारा होता: तळमजल्यावर सेल्मर गट सान्त असेल तर अनंत मनोरा चढूनही रँक एका मर्यादेपलीकडे जात नाही.

आपल्याच वक्राला हे लावून पाहू. १ च्या २५, १२५, ६२५… व्या घातमुळांतून तयार होणारा, ५, २५, १२५… उंचीचा मनोरा घ्या. मेझर यांच्या पद्धतीने दाखवता येते की या मनोऱ्याच्या एकाही मजल्यावर न संपणारी मालिका देणारा बिंदू नाही. √−७ सारखी एक संख्या घेतली तर लगेच बिंदू मिळतो आणि इथे अनंत मजले चढूनही रँक शून्यच. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण वस्तुस्थिती हीच वाटते. बिंदू मिळणे न मिळणे हे संख्या किती घेतल्या यावर नाही, कुठल्या घेतल्या यावर ठरते.

घातमुळांच्या या मनोऱ्याला सायक्लोटोमिक मनोरा म्हणतात. मेझर यांचा अंदाज होता की तिथे रँक नेहमी मर्यादितच राहील. परिमेय संख्यांपासून सुरू होणाऱ्या मनोऱ्यापुरती ही गोष्ट आज सिद्ध आहे आणि त्याचे श्रेय मुख्यतः दोघांचे. डेव्हिड रोरलिक यांनी १९८४ मध्ये दाखवले की वक्राशी निगडित एल-फलने (वक्राची एकेका मूळ संख्येपाशीची माहिती एकत्र गुंफणारी फलने) या मनोऱ्यात मोजके अपवाद सोडता १ पाशी शून्य होत नाहीत. काझुया काटो यांनी, मुख्यतः नव्वदच्या दशकात केलेल्या आणि २००४ साली सविस्तर प्रसिद्ध झालेल्या कामात, एल-फलन शून्य नसेल तर बिंदूही नाहीत हा दुवा पक्का केला. हे सगळे मॉड्युलर, म्हणजे मॉड्युलर फलनांतून मिळणाऱ्या, एलिप्टिक वक्रांपुरते होते. परिमेय संख्यांवरचा प्रत्येक एलिप्टिक वक्र मॉड्युलर असतो, हे वाइल्स यांच्या वाटेने जाऊन चार गणितींनी २००१ मध्ये पूर्ण केले आणि अट गळून पडली.

पण सगळेच मनोरे असे थांबत नाहीत. सोव्हिएत गणिती कुर्चानोव यांनी १९७३ मध्येच, मेझर यांच्या निबंधानंतर वर्षभरात, अनंत रँक असलेली उदाहरणे दिली होती. इथून कथेचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो आणि तो जास्त नाट्यमय आहे.

तळाशी नुसत्या परिमेय संख्या असतील तर दिलेल्या प साठी या जातीचा मनोरा एकच, सायक्लोटोमिक. पण तळमजल्यावर √−७ आणून ठेवला की चढायला दोन स्वतंत्र दिशा मिळतात. एक ओळखीची. दुसरीला अँटी-सायक्लोटोमिक म्हणतात. दोन्हींत फरक आहे तो √−७ चे चिन्ह उलटले तर मनोऱ्याच्या सममितींचे काय होते याचा. पहिल्या मनोऱ्याच्या सममिती जशाच्या तशा राहतात, दुसऱ्याच्या सगळ्या उलट्या होतात.

एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे वाटेल. केंब्रिजच्या एडसॅक-२ संगणकावर आकडेमोड करून बर्च आणि स्विनर्टन-डायर यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला अटकळ मांडली होती, की एल-फलन १ पाशी जितक्या पटीने शून्य होते तितकी वक्राची रँक. आता हे एल-फलन १ च्या दोन्ही बाजूंना सममित असते, फक्त त्या सममितीत अधिक किंवा उणे असे एक चिन्ह असते. सायक्लोटोमिक मनोऱ्यात ही सममिती साधारणपणे एका एल-फलनाला दुसऱ्याच एल-फलनाशी जोडते, त्यामुळे चिन्हाची सक्ती कुणावर येत नाही. अँटी-सायक्लोटोमिक मनोऱ्यात प्रत्येक फलन स्वतःशीच जोडलेले असते. तिथे चिन्ह उणे असेल तर स्वतःची किंमत स्वतःच्या उणे किमतीइतकी, म्हणजे शून्यच असावी लागते. ही सक्ती मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक नव्या फलनावर लागू होते. मग बर्च–स्विनर्टन-डायर खरे असेल तर प्रत्येक मजल्यावर नवे बिंदू असलेच पाहिजेत, आणि एकूण रँक निदान मजल्याच्या उंचीइतकी.

आपला वक्र आणि √−७ यांच्या बाबतीत चिन्ह उणे आहे.

हे भाकीत मेझर यांनी वॉर्सात मांडले. आंतरराष्ट्रीय गणित परिषद १९८२ साली तिथे व्हायची होती. पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाल्याने ती वर्षभर लांबली आणि १९८३ च्या ऑगस्टमध्ये भरली. भाकीत असे होते की चिन्ह अधिक असेल तर मनोरा थांबेल आणि उणे असेल तर अविरत वाढत राहील. बिंदू असलेच पाहिजेत असे म्हणणे वेगळे आणि ते काढून दाखवणे वेगळे. बिंदू कुठून येणार याचे उत्तर मात्र तयार होते. ते बर्लिनच्या एका अशा माणसाने शोधले होते, ज्याचे म्हणणे हयातीत कुणी मानले नाही.

कुर्ट हेगनर रेडिओ अभियांत्रिकीत काम केलेले, विद्यापीठाच्या वर्तुळाबाहेरचे गणिती. १९५२ साली ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये त्यांनी एक निबंध छापला. त्यात गाऊसपासून पडून असलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असल्याचा दावा होता: √−७ सारख्या ज्या क्षेत्रांत अवयव पाडण्याची रीत एकमेव राहते, ती नेमकी नऊच. (१, २, ३, ७, ११, १९, ४३, ६७ आणि १६३ या संख्यांना उणे चिन्ह देऊन वर्गमूळ घेतले की ती नऊ क्षेत्रे मिळतात.) निबंध वाचायला कठीण होता, जुन्या ग्रंथातल्या एका सिद्ध न झालेल्या विधानावर तो टेकला आहे असा समज झाला आणि तज्ज्ञांनी तो बाजूला ठेवला. हेगनर १९६५ साली वारले. त्यानंतर काही वर्षांतच हॅरल्ड स्टार्क यांनी तोच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला, मग मागे जाऊन हेगनर यांचा निबंध नीट वाचला, आणि त्यात म्हणण्यासारखी उणीव नव्हतीच हे स्पष्ट झाले. बाहेरच्या माणसाचे लिखाण चिकाटीने वाचायची तयारी नसेल तर किती मोठी गोष्ट हातची जाते, याचे इतके लख्ख उदाहरण गणिताच्या इतिहासात मला दुसरे सापडत नाही.

त्याच निबंधात हेगनर यांनी मॉड्युलर फलनांच्या किमती वापरून एलिप्टिक वक्रांवर बिंदू तयार करण्याची युक्ती दिली होती. ब्रायन बर्च यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ती उकलली, विस्तारली आणि त्या बिंदूंना हेगनर यांचे नाव दिले. मॉड्युलर फलने ज्यावर राहतात त्या मॉड्युलर वक्रावर काही खास बिंदू असतात. त्यांची जन्मभूमी √−७ सारखी क्षेत्रेच. तिथून ते आपल्या वक्रावर उतरवायचे. १९८६ मध्ये ग्रॉस आणि झागिये यांनी हेगनर बिंदूंची ‘उंची’ (मजल्याची नव्हे, बिंदूतले अंश-छेद किती मोठे हे मोजणारी) थेट एल-फलनाच्या अवकलजाशी बांधली, आणि दोन-तीन वर्षांत कोलिव्हागिन यांनी हेगनर बिंदू खरोखर न संपणारी मालिका देत असेल तर रँक नेमकी एकच असते हे सिद्ध केले. मेझर यांच्या कामाची गोष्ट ही, की हेगनर बिंदूंची एक पूर्ण मालिका अँटी-सायक्लोटोमिक मनोऱ्याच्या मजल्यामजल्यावर आपसूक बसते. शंका एकच होती: वर गेल्यावर हे बिंदू निव्वळ आपसांत फिरणारे, आपल्या सुरुवातीच्या पाचांसारखे, निघाले तर?

ही शंका वीस वर्षे टिकली. ती मिटवली २००२ साली क्रिस्तोफ कोर्न्यू आणि विनायक वत्सल यांनी. ‘इन्व्हेन्शियोनेस’च्या १४८व्या खंडात दोघांचे स्वतंत्र निबंध आहेत. आणि त्यांच्या सिद्धतेची वाट मुंबईहून जाते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात एम. एस. रघुनाथन यांनी एक अटकळ बांधली होती. तिचा एलिप्टिक वक्रांशी काडीचा संबंध नव्हता. काही सममित अवकाशांत एका विशिष्ट जातीचे प्रवाह असतात. त्यांतल्या एखाद्या बिंदूची अनंत काळची वाटचाल पाहिली तर ती कुठे कुठे पोहोचते? रघुनाथन यांचे म्हणणे असे की ती वाट एकतर एखाद्या आखीवरेखीव लहान अवकाशात राहते, नाहीतर सगळा अवकाश भरून टाकते; तुटक-विस्कळीत असे मधले काही संभवत नाही. ही अटकळ पहिल्यांदा छापली गेली ती त्याच संस्थेतल्या श्रीकृष्ण दाणी यांच्या १९८१ च्या निबंधात. दाणींनी तिच्या काही महत्त्वाच्या बाजू स्वतः सिद्ध केल्या आणि प्रवाहांच्या मापांविषयी तिचे अधिक बळकट रूपही मांडले. मॉस्कोत जन्मलेल्या आणि पुढे बर्कलेत स्थिरावलेल्या मरिना रॅटनर यांनी १९९० च्या आसपास, पन्नाशी ओलांडल्यावर, ती संपूर्ण सिद्ध केली. आणखी काही वर्षांत प-अ‍ॅडिक संख्यांच्या जगातही ती खरी ठरली. पुढच्या कामाला हवी होती ती नेमकी हीच आवृत्ती.

कोर्न्यू यांचा युक्तिवाद, तपशील गाळून, असा आहे. हेगनर बिंदूंना योग्य निवडलेल्या एखाद्या मूळ संख्येच्या भागाकारात पाहायचे, म्हणजे फक्त बाकी ठेवायची. तेव्हा ते सगळे एका सान्त संचात जाऊन पडतात. मनोरा वर चढत जावा तसे हे बिंदू त्या संचावर कसे पसरतात, हा प्रश्न प-अ‍ॅडिक प्रवाहाच्या वाटचालीचा प्रश्न बनतो. रॅटनर यांचे प्रमेय सांगते की हे बिंदू तो संच पूर्ण व्यापतात, आणि एकाच वेळी अनेक मूळ संख्यांच्या भागाकारांत पाहिले तरी एकमेकांपासून स्वतंत्रपणे व्यापतात. आता समजा, वरच्या मजल्यांवरचे सगळे हेगनर बिंदू आपसांत फिरणारेच असते. असे बिंदू या मनोऱ्यात मोजकेच असतात. मोजक्या बिंदूंच्या बाक्या इतक्या ठिकाणी, इतक्या मोकळेपणाने पसरणे शक्य नाही. तेव्हा पुरेसे वर गेल्यावर न संपणारी मालिका देणारे बिंदू मिळालेच पाहिजेत. चिन्ह अधिक असलेल्या बाजूला वत्सल यांनी याच समान पसरण्याच्या विचारातून एल-फलनांच्या किमती शून्य नसतात हे मिळवले.

कोलिव्हागिन यांची पद्धत मजल्यामजल्याला लावून बेर्तोलिनी आणि डार्मोन यांनी आधीच तयार ठेवलेला निष्कर्ष याला जोडला की आपल्या वक्राचे उत्तर पूर्ण होते. √−७ पासून निघणाऱ्या, प = ३ च्या अँटी-सायक्लोटोमिक मनोऱ्यात मजल्यांची उंची ३, ९, २७, ८१ अशी वाढते, आणि रँकही त्याच आकड्यांबरोबर वाढत जाते; फरक पडलाच तर तो सर्व मजल्यांवर एका ठरावीक मर्यादेच्या आत. जो वक्र घातमुळांच्या मनोऱ्यात अनंतापर्यंत गप्प राहिला, तोच इथे मजल्यागणिक तिपटीने बिंदू देतो.

मुंबईचा या विषयाशी संबंध प्रवाहांपुरता राहिला नाही. जॉन कोट्स आणि आर. सुजाता यांचे एलिप्टिक वक्रांच्या गॅल्वा कोहोमॉलॉजीवरचे पुस्तक २००० साली टाटा संस्थेच्या मालिकेतच निघाले. २००५ मध्ये त्या दोघांसह पाच लेखकांनी ज्यांच्या सममितींचा क्रम बदलला की उत्तर बदलते अशा मनोऱ्यांसाठी ‘मुख्य अटकळ’ म्हणून ओळखले जाणारे विधान मांडले. तिथे रँक कशी वाढते हा अभ्यास आजही चालू आहे.

आणि √−७ च्या तळमजल्यावरूनही अजून बरेच चढायचे राहिले आहे. दोन स्वतंत्र दिशा असल्या की त्यांच्या मधल्या तिरक्या दिशांनी जाणारे मनोरे अनंत होतात. मेझर यांचे भाकीत त्या सगळ्यांविषयी आहे: एक अँटी-सायक्लोटोमिक मनोरा सोडला तर इतर प्रत्येक मनोऱ्यात रँक कुठेतरी थांबते. सायक्लोटोमिक दिशेला ते काटो आणि रोरलिक यांच्या कामातून खरे ठरले आहे. तिरक्या दिशांपैकी काही, काही अटींखाली, हळूहळू हाताशी येत आहेत. सगळ्या दिशांसाठी सिद्धता अजून कुणाकडे नाही, आणि तळाशी कुठलेही संख्याक्षेत्र घेतले तर सायक्लोटोमिक मनोऱ्याचा १९७२ चा अंदाजही तसाच खुला आहे.